हैबतीच्या बायकोचं नाव

माझ्या कादंबरीत पुरुष पुष्कळ होते, वाघ एक होता आणि बाई एकच होती. त्या बाईला नाव द्यायचं, एवढाच माझा हट्ट होता. यात कुणाचं काय बिघडणार होतं, हे मला अजून कळलेलं नाही. पण बिघडलं. दोन गावांचं बिघडलं, आमच्या आळीतला शेजार बिघडला, शिक्षण कचेरीतल्या एका सज्जन माणसाची झोप उडाली, आणि माझं जे काही व्हायचं ते एस.टी.च्या बाकावर बसल्या बसल्या झालं. ते शेवटी सांगते.

आधी दंतकथा सांगायला हवी, कारण सगळं पाप तिचं आहे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात पळसखोल म्हणून गाव आहे. शिवकाळात तिथला हैबती नावाचा गडी रायगडावर निरोप घेऊन निघाला. खिंडीत वाघ आडवा आला. हैबतीने कोयत्याने वाघ मारला आणि जखमांनी तोही तिथेच गेला. खिंडीत त्याची शिळा आहे. एका अंगाला माणूस, एका अंगाला वाघ, आणि दोघेही इतके झिजलेत की कोण कोणाला मारतंय ते आता कळत नाही. शिमग्यात देवीची पालखी आधी त्या शिळेला भेटते. गावाबाहेर पाणवठ्यावर दुसरी एक शिळा आहे, नुसती उभी. ती हैबतीची बायको. नवऱ्याची वाट बघत उभी राहिली आणि दगड झाली. तिची गोष्ट इथे संपली. हैबतीला नाव आहे, त्याच्या कोयत्याला नाव आहे, आणि वाघालाही नाव होतं असं गावातले म्हातारे शपथेवर सांगतात. बायकोला मात्र नाव नाही.

मी महाडला प्राथमिक शिक्षिका. शाळेची सहल घेऊन पळसखोलला गेले असताना ती शिळा पाहिली आणि डोक्यात किडा शिरला. इतिहासातल्या बायकांचा मला तसाही राग येतो. त्यांचा म्हणजे त्यांना जे करायला लावलंय त्याचा. पुरुष गड घेतात, तह करतात, नदीत घोडे घालतात, आणि बायका ओवाळतात. हे मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवत होते आणि पोरं वर्षानुवर्षं उत्तरपत्रिकेत लिहीत होती. म्हटलं, आता ही गोष्ट त्या बाईच्या डोळ्यांनी सांगायची. माझ्या कादंबरीत ती वाट बघत उभी राहत नाही. नवरा भाकरी विसरून गेलाय म्हणून ती मागोमाग निघते, खिंडीत पोचते, नवऱ्याच्या अंगावर वाघ बघते, पडलेला कोयता उचलते आणि वाघाचा निकाल लावते. मग मरत्या नवऱ्याकडून निरोप ऐकून घेते आणि गडावर स्वतः पोचवते. परत येते तर घरात कोणी विचारत नाही, कुठे गेली होतीस म्हणून. तेव्हा ती पाणवठ्यावर जाऊन उभी राहते. रागाने.

तिचं नाव मी साळू ठेवलं. माहेर दिलं नाते, महाडहून रायगडला जाताना लागतं ते गाव. नातेच का, तर एकदा रायगडला जाताना आमची गाडी तिथे बंद पडली होती आणि एका बाईने आम्हाला ताक दिलं होतं. नायिकेला चांगलं माहेर असावं, एवढाच माझा विचार. माणूस चांगुलपणाने काही करायला जातो तेव्हा त्याने दहादा विचार करावा.

आमचे हे एस.टी.च्या डेपोत वेळापत्रकाच्या टेबलावर आहेत. त्यांनी हस्तलिखित इमानदारीने वाचलं आणि पेन्सिलने समासात काही आकडेमोड केली. मला वाटलं, व्याकरण काढलं असेल. तर ते म्हणाले, खिंडीतून रायगड त्या वेळेत होत नाही, मध्ये सावित्री नदी आहे, ती बाई निदान दुसऱ्या दिवशी पोचेल. बाकी छान आहे म्हणाले. ती बाकीची कादंबरी, म्हणजे साधारण तीनशे पानं.

आळीत ही गोष्ट लपून राहिली नाही, कारण मी लिहिलेलं मोठ्याने वाचून बघते. भिंतीपलीकडच्या जानकीबाई म्हणाल्या, कथेत सासू कशी नाही? सासू नसलेलं घर वाचणाऱ्याला खरं वाटणार नाही. त्यांनी स्वतःच्या सासूबाई मला वापरायला देऊ केल्या, आणि हे त्या सासूबाईंनी आतून ऐकलं. समोरचे काशीराम अण्णा तलाठी कचेरीतून निवृत्त झालेले. वाघ नेमका कोणाच्या हद्दीत मेला हे पहिल्या प्रकरणातच स्पष्ट व्हावं, असं त्यांचं मत पडलं. पण खरं भांडण पेटलं ते भाकरीवरून. मी लिहिलं होतं, साळूने भाकरीबरोबर भाजलेली सुकट घेतली. आळीतल्या अर्ध्या लोकांना ऐतिहासिक बाईच्या फडक्यात सुकट नको होती. बाकीचे म्हणाले, मग डोंगरात काय श्रीखंड नेईल का? दोन घरं अजून एकमेकांकडे विरजण मागत नाहीत. मी शेवटी नुसता ठेचा ठेवला, तर दोन्ही बाजू माझ्यावर नाराज झाल्या.

शिक्षकाने पुस्तक छापायचं तर वरून परवानगी लागते. मी कथेचा सारांश जोडून रीतसर अर्ज केला. अर्ज हरकत घेऊन परत आला. वाघाची शिकार हा आता कायद्याने गुन्हा आहे, तरी एक शिक्षिका तिचं कौतुक कसं करते, याचा खुलासा करावा. मी कळवलं, वाघ शिवकाळात मारलेला आहे. उत्तर आलं, त्या काळचा दाखला जोडावा. मी कळवलं, शिळा आहे, पाहून घ्यावी. मग दुसरी हरकत निघाली. नायिका पतीच्या परवानगीशिवाय घराबाहेर पडते, याचा विद्यार्थिनींवर काय परिणाम होईल? पती त्या वेळी वाघाखाली असल्याने परवानगी घेणं शक्य झालं नाही, असं मी लेखी कळवलं. यावर बरेच दिवस काहीच आलं नाही. मग परवानगी आली. लेखन शाळेच्या वेळेबाहेर करावं आणि वाघाचा उल्लेख शक्यतो टाळावा, अशी अट होती. मी तो कागद देवाजवळ ठेवला. संकटं संपली असं मला वाटलं होतं.

संक्रांतीनंतर वाचनालयात बायकांचं हळदीकुंकू होतं. तिथे मी तिसरं प्रकरण वाचलं. साळू चुलीपुढे बसून माहेर आठवते, ते प्रकरण. नात्याचं देवळामागचं घर, बाप रामजी, परसातला फणस. वाचता वाचता वर पाहिलं तर मागच्या रांगेत एक बाई पदराने डोळे पुसत होत्या. सोनाबाई त्यांचं नाव. मला भरून आलं. एवढ्या वर्षांत माझ्या लिहिण्याने कोणी रडलं नव्हतं, शुद्धलेखनाची पोरं सोडून. नंतर कळलं की सोनाबाई नात्याच्या माहेरवाशीण. देवळामागे त्यांच्या भावकीतलं एक घर खरोखरच होतं, त्यात पूर्वी कोणी रामजी होऊन गेले होते, आणि परसात फणस होता. आता आमच्या भागात फणस कुणाच्या परसात नसतो? पण हे मी कुणाला सांगणार होते.

आठवड्याच्या आत नात्याची जाणती मंडळी आमच्या दारात उभी राहिली. हैबतीबाबाची बायको आपली लेक, हे त्यांना आत्ता कळलं होतं आणि त्यांना आनंद झाला होता. आता शिमग्यात तिच्या शिळेला माहेरची साडीचोळी जायला हवी, आणि पळसखोलने मानाचा नारळ नात्याच्या हातात द्यायला हवा. इतक्या पिढ्या तो मान बुडाला, याचं त्यांना दुःखही होतं. मी जीव तोडून सांगितलं की हे सगळं मी मनाने रचलेलं आहे. त्यांच्यातले एक म्हातारे माझ्याकडे मायेने बघत म्हणाले, "बाय, तुमी रचलात ता खरा. पन तुमाला सुचवला कुनी?" जाताना त्यांनी नव्या तांदळाची पिशवी ठेवली आणि यांच्या पाया पडून गेले.

मग पळसखोलचं बोलावणं आलं. आमच्या शाळेचा शिपाई श्रीपत पळसखोलचाच. त्याने निरोप आणला की गावकी बसणार आहे, म्हणजे गावातली जाणती माणसं, आणि बाईंनी पुस्तक घेऊन यावं. यांना पास असल्याने हेही आले.

देवळापुढच्या अंगणात गावकी बसली होती. मधोमध रावजी. हैबतीच्या वंशातलं थोरलं घर त्यांचं. मी मनातून वाघावरच्या प्रश्नांची तयारी करून गेले होते. आपल्या पूर्वजाऐवजी त्याच्या बायकोने वाघ मारला, यावर हे लोक मला सोडणार नाहीत अशी मला खात्री होती. पण त्याचा कुणी उल्लेखच केला नाही. त्यांचा राग माहेरावर होता. आमची वाडवडिलांची सून नात्याची कशी, आम्ही तिकडच्या मुली कधी केल्या, असं सगळ्यांचं म्हणणं. ती पाचाडची असणार, असं रावजी म्हणाले. त्यांची स्वतःची बायको पाचाडची. दुसऱ्या घराने तिसरंच गाव सांगितलं. नाव मात्र कुणालाच सांगता येईना.

शेवटी देवीला कौल लावायचं ठरलं. कौल म्हणजे सोमा गुरव देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. प्रश्न एकच असावा लागतो. रावजींनी विचारलं, बाईंनी लिवलाय ता खरा का? मी हळूच म्हटलं, अहो ती कादंबरी आहे, ती खरी असल्याचं मी म्हटलेलंच नाही. सगळी गावकी माझ्याकडे वळली. "मंग खोटा लिवलाव काय, बाय?" रावजींनी विचारलं. होय म्हणावं तर तीनशे पानांची बेअब्रू, नाही म्हणावं तर नाते जिंकतं. मी पदर सारखा केला.

पाकळ्या पडेनात. चहा झाला, पानं झाली, एकाचं म्हशीवरून भांडण झालं आणि मिटलं, तरी पाकळ्या जिथल्या तिथे. मग एकदम दोन्ही पडल्या. असं आजवर कधी झालं नव्हतं म्हणे. सोमाने डोळे मिटून सांगितलं की देवी विचार करते आहे. देवीचा विचार होईपर्यंत पुस्तक तिच्याच ताब्यात राहावं, असा निवाडा झाला. माझं हस्तलिखित देवीच्या चांदीच्या मुखवट्यांबरोबर पेटीत गेलं, पेटीला कुलूप लागलं, आणि ती आता शिमग्यालाच उघडेल असं कळलं. दुसरी प्रत नव्हती. परतीच्या वाटेवर हे एकच वाक्य बोलले, पावती मागायला हवी होती.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. रोज शाळेतून आले की कागद पुढे घ्यायचा आणि आठवून लिहायला बसायचं. काही आठवायचं नाही. जे आठवायचं ते वाचताना वाटायचं, हे साळूने सांगितलेलं नाही, हे कोणीतरी शिक्षिकेने लिहिलंय. मग रडू यायचं. जानकीबाई भिंतीपलीकडून विचारायच्या, कादंबरीतलं की घरातलं? मी म्हणायची, दोन्ही.

एवढ्यात पळसखोलच्या मुंबईकर मंडळाने प्रकरण हातात घेतलं. मंडळाचा सेक्रेटरी महिपती, गिरणीत होता. तो खास रजा घेऊन आला, घरी येऊन म्हणाला, "मॅडम, फिकर मत करो. कमिटी बसवली हाय. दोनी पार्टी खूश करतो." आणि त्याने ते केलं. नाते साडीचोळी आणणार, पळसखोल नारळ देणार, शिळेभोवती सिमेंटचा कट्टा होणार आणि शिळेवर पाटी लागणार. पाटी हा शब्द ऐकला आणि माझ्या जिवात जीव आला. कादंबरी राहिली तर राहिली, तिचं नाव तर लागतंय. निमंत्रणपत्रिका आली. त्यावर छापलं होतं: प्रमुख पाहुण्या, महाड एस.टी.तील साहेबांच्या सौभाग्यवती. हे साहेब नाहीत, टेबलावरचे कारकून आहेत. त्यांना पत्रिका फार आवडली. मला थोडं लागलं, पण म्हटलं, आज माझ्या नावाचा प्रश्न नाही.

शिमग्याच्या दिवशी मी नारायणपेठ नेसून गेले. ढोल होते, दोन्ही गावं होती, पालखी पहिल्यांदाच पाणवठ्यापर्यंत आली होती. नात्याच्या बायकांनी शिळेला हिरवी साडी गुंडाळली. सोनाबाई पुन्हा रडल्या. महिपतीने मला पाटीवरचा पडदा ओढायला लावला. पांढऱ्यावर लाल ऑइलपेंटने लिहिलं होतं, 'वीर हैबतीबाबा यांची पत्नी'. खाली सौजन्य, आणि त्याखाली कमिटीतल्या सगळ्या सभासदांची नावं, वडिलांच्या नावासकट. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, हात आपोआप वाजले.

मग मी सरळ रावजींना गाठलं. नाव कुठे आहे, विचारलं. त्यांनी मला शांतपणे समजावलं. साळू हे माहेरचं नाव, असं नात्याचं म्हणणं. पण लग्नात बाईचं नाव बदलतं, तेव्हा पळसखोलने ठेवलेलं नाव लागायला हवं, आणि ते कुणाला ठाऊक नाही. एकाचं घातलं तर दुसऱ्याचा अपमान, म्हणून कमिटीने नावच गाळलं. "आन् दुसरा आसा," ते आवाज उतरवून म्हणाले, "आमची थोर आजी ती. तिचा नाव पाटीवर लिवायचा, येनारा-जानारा वाचील. बरा दिसंल का, बाय?"

मी तापले. बायका सगळ्या ऐकत होत्या, त्यामुळे जास्तच तापले. मी म्हणाले, नाव घेण्यात कसला अपमान? वाघाचं नाव घेता, कोयत्याचं घेता, आणि जिने निरोप पोचवला तिचं घ्यायला लाजता? आपल्या माणसाचं नाव तोंडातून काढायला माणसाने कशाला घाबरावं? फार चांगलं बोलले मी. शाळेत असं बोलणं जमलं असतं तर मुख्याध्यापिका झाले असते.

रावजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या मालकांचा नाव काय, बाय?"

मी तोंड उघडलं. "हे ना... एस.टी.त आहेत," मी म्हणाले.

"ता ठावा हाय. नाव?"

उखाण्यात घेता येतं, यमक जुळवून, लाजत. पण असं उघडं, भर माणसांत, ढोल थांबलेला असताना, ते निघेना. मी प्रयत्न केला. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी ते एकदाही म्हटलं नव्हतं, हे मला तिथे कळलं. शेवटी मी म्हणाले, ते बघा तिकडे उभे आहेत, त्यांनाच विचारा. कोणी हसलं नाही. रावजींनी समजुतीने मान हलवली, घरातल्या माणसाकडे बघून हलवावी तशी. हसले असते तर मला सोसलं असतं.

पेटी पालखी सजवायला चार दिवस आधीच उघडली होती. निघताना महिपतीने तीतलं हस्तलिखित हातात ठेवलं. "पूरा बुक चेक केला, मॅडम. एक पन मिस्टेक नाय ठेवली." मी गाडीत उघडलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जिथे जिथे साळू होतं तिथे लाल शाईची रेघ होती आणि वर सुवाच्य अक्षरात 'पत्नी' लिहिलेलं होतं. पत्नी चुलीपुढे बसली. पत्नीला फणस आठवला. पत्नीने कोयता उचलला आणि वाघाच्या मानेवर घातला. त्या प्रसंगाला कुणी हात लावला नव्हता. वाघ तिने मारायला कुणाची काही हरकत नव्हती.

पोलादपूरला गाडी बरीचशी रिकामी झाली. हे शेजारी बसले होते, मांडीवर कमिटीने 'साहेबांना' म्हणून दिलेला नारळ. मी त्यांना रावजींचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग घ्यायचंस की नाव. मी कधी नको म्हटलं?"

"आणि तुम्ही कधी माझं घेतलंत?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. माणूस प्रामाणिक आहे. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं होतं, असं म्हणाले. त्यानंतर बहुधा प्रसंग आला नाही.

"मग आता घ्या," मी म्हणाले. माझा आवाज चढला असावा, कारण पुढे पेंगणारा कंडक्टर वळून बघायला लागला.

यांनी नारळ बाकावर ठेवला. कॉलर नीट केली. घसा साफ केला. मग माझ्याकडे वळले आणि अगदी मनापासून, कोणती गाडी कोणत्या फलाटाला लावायची ते विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कुठलं घेऊ? तुझ्या माहेरचं, की मी तांदळात लिहिलं होतं ते?"

मी उत्तर द्यायला गेले आणि थांबले. माहेरच्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. तांदळातलं रेशनकार्डावर आहे, हजेरीपटावर आहे, पण त्या नावाने मला कधी कोणी जेवायला उठवलेलं नाही. रस्त्यात मागून कोणी हाक मारली तर यातल्या कुठल्या नावाला मी वळून बघेन, हे मी खरोखर आठवायचा प्रयत्न केला. दगडाला मी नाव दिलं होतं, माहेर दिलं होतं, फणस दिला होता. माझं मला ठरवता येईना. हे वाट बघत होते, बिचारे, तोंड अर्धवट उघडं ठेवून.

तेवढ्यात महाडचं स्टँड आलं. यांनी नारळ उचलला.

"अगं, उतरायचंय," ते म्हणाले, आणि मी लगेच उठले.